पूजेला बसलेली इटलीची गाडी

लोक म्हणतात, नागोजीला गाडीचं येड हुतं. म्हणू द्यात. जिभेला काय हाड असतंय? येड हुतं, व्हय, हुतं. पर त्येच्याबद्दल बोलायचा पयला हक्क माझा. मी त्येची थोरली भैण, मनुबाई. आई गेली तवा त्यो चार वर्साचा नि मी बारा वर्साची. माझं लगीन झालं, तीन वर्सांत कपाळ पांढरं झालं, आणि मी परत बेळगुंदीला बापाच्या घरी आले ती ह्या पोराला वाढवायलाच. त्येला न्हाऊ घातलं मी, मारलं मी, त्येच्यासाठी गावाशी भांडले मी. आणि म्होरं जे झालं त्यात हात बी माझाच. म्हणून हे दुसऱ्या कुणी सांगायचं न्हाय.

नागोजीचा जीव लहानपणापासनं चाकात. बैलगाडीला वंगण घालायचं असलं की ताटावरनं उठून पळायचा. सतरा-अठराचा असंल, भाताची कापणी सोडून बेळगावच्या कॅम्पात गेला नि पलटणीत नाव घालून आला. पयलं मोठं युद्ध चाललंतं. त्येला समुद्रापल्याड बसऱ्याला नेलं. आधी खेचरं हाकायला दिली, खेचरं मेली तवा मोटारलारीवर घातला. तीन वर्सांनी परत आला तवा हाडाचा सापळा झालता, आणि जेवायला बसला की भाताला रॉकेलचा वास. मी दोनदा त्येच्या म्होरलं ताट वढून घेतलं. त्यो हसायचा, उठायचा, परत राखेनं हात घासून यायचा. त्याच सुमाराला टिळकवाडीच्या शरच्चंद्र वकिलांना डायवर पायजे हुता. त्यांच्याकडं लागला त्यो जलमभर तितंच ऱ्हायला.

वकिलांकडं आधी एक डबड्यागत मोटार हुती. मिठाचा सत्याग्रह झाला त्या साली कॅम्पातला एक गोरा साहेब आपल्या देशाला चालला, त्येची गाडी वकिलांनी घेतली. ती इटलीची. तिचं तिकडचं नाव मला न्हाय येत. नागोजी त्ये नाव घ्यायचा तवा तोंडात पेढा असल्यागत जपून घ्यायचा. पयल्यांदा ती गावात आणली तवा निम्मी बेळगुंदी आमच्या दारात. मी बघितली नि मला हसूच आलं. नाकच निम्मी गाडी! म्होरं हे लांबलचक नाक, आणि माणसांनी बसायचं कुठं तर पार मागं, मागच्या चाकांच्या जवळ, दोन बाकडी. मी म्हटलं, इंजनाला वाडा नि माणसास्नी खोपटं, हे कुठलं शाणपण रं?

नागोजीला राग आला. त्येचा राग म्हंजे काय, काडी घिऊन अंगणातल्या धुळीत चित्र काढायला बसला. हे म्होरं इंजन, म्हटला, गाडीचा सगळा जीव हितं. हितनं एक लोखंडी दांडा निघतोय, त्यो माणसांच्या पायाखालनं मागं जातोय आणि मागच्या चाकास्नी फिरवतोय. मी म्हटलं, शाणाच हाईस, बैल म्होरं जुपलास नि गाडी मागनं ढकलतोस. त्यो म्हटला, आक्का, म्होरल्या चाकांनी नुसती वाट धरायची नि मागल्यांनी रेटायचं. एकाच माणसावर दोन कामं टाकली की दोन्ही बिघडतात. म्होरं इंजनाचं वजन, मागं माणसांचं, म्हणून गाडी चारी पायांवर सारखी उभी. आणि ती उंच न्हवती. बाकीच्या मोटारीत टांग्यागत चढून बसायचं, हिच्यात पाय टाकून खाली उतरायचं. बसलेल्यानं हात खाली सोडला तर रस्त्याला लागंल इतकी ती भुईला धरून. त्यातनं म्होरली दोन्ही चाकं आपापली वरखाली व्हायची. एक चाक दगडावर चढलं तर दुसऱ्याला पत्ता न्हाय. एका डोळ्यात कुसळ गेलं म्हणून दुसऱ्यानं का रडावं, असं त्यो सांगायचा.

मी उगंच नाक मुरडत बसायचे, पर ऐकायचे. त्यो म्हणायचा, ज्या मुलखात ही घडली तितं बर्फाचं डोंगर हायत. माणसं सकाळी घरातनं निघतात, मागं ट्रंक बांधतात, डोंगर चढून उतरून रातच्या जेवणाला दुसऱ्या देशात जातात, आणि उतरल्यावर कुणाची कंबर धरत न्हाय. ही शर्यतीची न्हवं, आणि मिरवायची बी न्हवं. ही लांबचा पल्ला गाठायची गाडी. माणसाला न थकवता लांब पोचवायचं, एवढंच तिचं काम, म्हणायचा. आणि आमचे वकील साहेब तिला न्यायचे कुठं? कोर्टात. घरापासनं दीड मैल. शर्यतीचा बैल मोटंला जुपल्यागत नागोजीला वाईट वाटायचं. एकदाच निपाणीला तंबाखूच्या खटल्यासाठी निघाले, तितनं तसंच कोल्हापूर करून दिस मावळायच्या आत माघारी आले. तवंदीच्या घाटात बाकीच्या मोटारी इंजन तापलं म्हणून पाणी घालत उभ्या, आणि आपली इटलीची कशी एका दमात वर गेली, हे आम्ही सहा महिनं ऐकलं. मी म्हटलं, आता बस कर, न्हायतर तुला घाटातच नेऊन सोडते.

ऐकणारी खरी एकच हुती, अंबू. अंबुबाई, त्येची बायको, खानापूरकडची. बारकी, गोरटी, हसरी. मी तिच्यावर खेकसायचे, ती मलाच पाणी आणून द्यायची. सासू न्हवती, तिला सासुरवास काय तो माझाच. नागोजी चित्र काढायचा तवा ती गुडघ्यावर हनुवटी टेकून बघत बसायची नि बरोबर तेच इचारायची जे त्येला सांगायचं असायचं. पर गाडीत ती कवा बसली न्हवती. वकिलांनी दोनदा म्हटलं, बायकोला फिरवून आण. नागोजीनंच आणली न्हाय. धन्याच्या गाडीत आपण मिरवायचं न्हाय, हा त्येचा नेम. अंबूनं हट्ट कवा धरला न्हाय.

आता जे सांगायचं ते सांगते. अंबूची पयली दोन्ही बाळंतपणं घरात झाली. पयली पोरगी मेलेलीच आली. दुसरा पोरगा रडत आला, चांगला धडधाकट, आणि विसाव्या दिशी तापानं गेला. दोन्ही खेपंला अंबू मरतामरता वाचली. रगत थांबंना. वकिलांच्या बायकोनं, विनोदिनीबाईंनी, तिला बेळगावच्या डाक्तरीणबाईकडं नेलं. डाक्तरीणबाईंनी तपासलं नि नागोजीला समोर बसवून सांगितलं, हिची ठेवण बाळंतपणाला अवघड हाय, म्होरल्या खेपंला घरात ठेवू नका. कळा सुरू झाल्या की त्याच पावली दवाखान्यात आणा. उशीर झाला तर दोन्ही जीव जातील.

दोन वर्सांनी अंबूला परत दिस गेले. दिवाळीनंतर बाळंत व्हायची हुती. नागोजीनं बोटं मोजून ठेवलीती. वकील साहेब नवरात्रात बाईंच्या माहेरी पुण्याला आगगाडीनं गेले, जाताना म्हटले, गाडी तुझ्या दारात नेऊन ठेव, पेट्रोल भर, कळा आल्या की कुणाला विचारत बसू नकोस. त्यो मोठ्या मनाचा माणूस. नागोजी गाडी घिऊन आला, फणसाखाली उभी केली, तिचं तोंड रस्त्याकडं करून. आत घोंगडं पसरून ठेवलं. अंबूला म्हटला, ह्या खेपंला तू म्होरं माझ्याशेजारी बसायचीस. ती लाजली नि माझ्या मागं लपली.

आता खंडेनवमीचं. आमच्याकडं दसऱ्याच्या आदल्या दिशी हत्यारं, अवजारं, गाड्या धुऊन पुसून पूजेला मांडतात. कुळव, विळा, बैलगाडी, ज्येचं त्येचं पोट ज्येच्यावर ते. एकदा पूजा मांडली की दुसऱ्या दिशी सीमोल्लंघन हुईपतोर हात लावायचा न्हाय. ते दिसभर देवापाशी बसलेलं असतं. आता ऐका. दुसरा पोरगा झाला त्या वर्साला खंडेनवमीच्याच दिशी वकिलांच्या एका पाव्हण्याला लोंढ्याला सोडायचं हुतं. नागोजीनं पूजेतली गाडी उठवली, हार काढून ठेवलं नि लोंढ्याला जाऊन आला. त्येच्यानंतर आठवड्यात पोरगं गेलं. झालं. माझ्या डोक्यात ते बसलं ते बसलं. पूजा मोडली म्हणून पोर गेलं. कुणी सांगितलं न्हाय मला, कुठल्या देवऋषाकडं बी गेले न्हाय. माझं मीच जुळवलं.

म्हणून ह्या खेपंला अंबूला तिसरा म्हैना लागल्या लागल्या मी रवळनाथाच्या देवळात गेले, नागोजीला बी संगं नेलं, आणि देवाम्होरं गाऱ्हाणं घातलं. औंदाची खंडेनवमी पुरी पाळू, सोनं लुटल्याबिगर चाक हलवणार न्हाय, एवढं पोर पदरात घाल. नागोजीनं देवाच्या पायरीला हात लावला. त्यो पलटणीत गेलेला माणूस, बसरा बघितलेला, त्येचा असल्या गोष्टींवर अर्धाच इस्वास. पर दोन पोरं पुरलेल्या बापाला अर्धा इस्वास पुरतोय.

खंडेनवमी आली. सकाळी गाडी अशी धुतली की तिच्या नाकात तोंड बघावं. झेंडूचं हार घातलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, कोहळा फोडला. अंबूनंच ओवाळलं. पोट एवढं म्होरं आलेलं, एका हातानं कंबर धरलेली नि दुसऱ्या हातात आरती. गावातल्या बायका म्हटल्या, औंदा पोरगाच. मी गाडीम्होरं समई लावली. उद्या सोनं लुटंपतोर ती तेवत ठेवायची हुती.

जेवणं झाली नि अंबूला कळा सुरू झाल्या. तीन आठवडं आधीच. मी पाठ चोळत हुते, म्हटलं पोटात वायू धरला असंल, थांबंल. थांबलं न्हाय. पाणी गेलं तवा मी बाहीर येऊन नागोजीला सांगितलं. त्यो तसाच उठला, गाडीकडं गेला नि नाकावरचा हार काढायला हात घातला.

आणि मी आडवी आले. खरंच आडवी आले, गाडीच्या म्होरं जाऊन उभी. म्हटलं, नागोजी, देवाला बोललोय आपण. परशरामला नि त्येच्या तिघा भावास्नी बोलव, बाजंवर घालून न्या.

"आक्का, आठ मैल हाय. गाडीनं अर्धा तास."

"आणि वाटंत पोर गेलं तर? मागल्यागत?"

एवढंच बोलले मी. दुसरं काय बोलले असते तर त्यो ऐकला नसता, मला ढकलून गेला असता. पर मागल्यागत म्हटलं नि त्येचा हात खाली आला. मी बघितलं त्यो हात खाली येताना. त्यो तितंच उभा ऱ्हायला, गाडीकडं बघत, माझ्याकडं बघत. आतनं अंबू कण्हत हुती. बैलगाड्या बी सगळ्या पूजेत. शेवटाला त्यो रस्त्यावर गेला नि परशरामला हाक मारली. परशराम आमचा शेजारी, आडदांड माणूस, तीन भाऊ घिऊन पळत आला. त्येनं गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि बाजंला दोर बांधायला लागला. त्येनं तरी मला एक शिवी हासडायची हुती. मेल्यानं न्हाय हासडली.

ते गेले. मी मागं ऱ्हायले, कारण समई विझू द्यायची न्हवती. कळतंय का? माझी भावजय चौघांच्या खांद्यावर आठ मैल चाललीया, आणि मी गाडीम्होरं बसून वात सारतेय. गाडी समोर, तोंड रस्त्याकडं केलेलं, आत घोंगडं पसरलेलं, पेट्रोल भरलेलं. तिच्याकडं बघू नये म्हटलं तरी बघायला व्हायचं. पोचली असंल, अजून न्हाय, वाटंवरली बेनकनहळ्ळी गाठली असंल, अजून न्हाय, असं करत ऊन कललं. मधीच मला वाटलं, कुणाला तरी मागं धाडावं, नागोजीला म्हणावं परत ये नि गाडी ने. पर मग समईकडं बघितलं नि बसूनच ऱ्हायले. दोनदा वाटलं नि दोनदा बसले.

दिवेलागण होऊन गेल्यावर परशराम एकटाच आला. अंगणात आला नि उंबऱ्यावर बसला. बाजंवरच लई रगत गेलं, म्हटला. दवाखान्याच्या पायरीपतोर जीव हुता. पोर पोटात आडवं फिरलंतं, डाक्तरीणबाईंनी काढलं तवा त्यात काय न्हवतं. पोरगा हुता. त्येच्यानंतर घडीभरानं अंबू गेली. डाक्तरीणबाईंनी इचारलं, कळा कवा सुरू झाल्या, कशातनं आणली. परशरामनं सांगितलं. बाईंनी डोळं मिटलं नि म्हटल्या, दोन तास आधी आली असती तर दोघंबी हातात हुते माझ्या.

समई तवा तेवतच हुती. मी ती पायानं उडवली. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय.

सुतकात पूजा कोण उठवणार? गाडीवरचं हार तसंच वाळलं. गावानं सोनं लुटलं, आमच्या दाराकडं कुणी आलं न्हाय. चार दिसांनी वकील साहेब पुण्याहून परतले नि ठेसनावरनं थेट टांगा करून बेळगुंदीला आले. फणसाखाली गाडी बघितली, वाळलेलं हार बघितलं, चाकाखालचं सुकलेलं लिंबू बघितलं. शाणा माणूस, त्येला सांगावं लागलं न्हाय. नागोजी समोर उभा. वकील म्हटले, "अरे, गाडी दिली होती ती कशासाठी?"

नागोजी म्हटला, "चुकलं, साहेब."

बस. आक्का आडवी आली असं न्हाय म्हटला. मी दाराआड हुते, मला वाटलं आता सांगंल, आता सांगंल. त्यो न्हाय बोलला. मला तवा बरं वाटलं. व्हय, बरं वाटलं मला, लाज वाटती सांगायला. आणि मग वर्सामागून वर्स गेलं तसं तेच मला खायला लागलं. त्येनं एकदा तरी ताट आपटावं, एकदा तरी म्हणावं, आक्का, तू माझं घर बुडवलंस. काय न्हाय. पगाराच्या दिशी येताना माझ्यासाठी तंबाखू आणायचा, भाकरी खायचा, झाडून घ्यायचा, आक्का म्हणून हाक मारायचा पयल्यागतच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तसा त्यो मला प्रेमानं मारत हुता आणि त्येला ते ठाऊक बी न्हवतं.

दुसरं लगीन केलं न्हाय. गाडी सोडली न्हाय. पर त्येनंतर कवा तिला फूल वाहिलं न्हाय. खंडेनवमीला अख्खा गाव हत्यारं पूजायचा, नागोजी वकिलांना सांगून गाडी घिऊन यायचा नि गावच्या येशीत ती उभी ठेवायचा, दिसभर, इंजनाच्या बाजूला दगडावर बसून. एका साली परशरामच्या अडलेल्या सुनंला दवाखान्यात नेलं, एकदा साप चावलेल्या माणसाला. दोघं जगले. गावातली म्हातारी माणसं म्हणायची, हा देवाचा अपमान करतोय. त्यांच्याशी मी भांडले. देवानं कुठं सांगितलतं चाक हलवू नको म्हणून? सांगितलतं मी, आणि देवाच्या नावावर घातलतं. रवळनाथाला त्यात कशाला ओढता?

दुसऱ्या लढाईत पेट्रोल मिळंना झालं. वकिलांनी गाडी ठोकळ्यांवर चढवून ठेवली. तरी नागोजी रोज जायचा, पुसायचा, लढाई संपल्यावर परत चालू केली. मग त्येलाच दमा धरला. आता ह्या चैतात, पोरं रस्त्यानं स्वराज्य येणार म्हणून ओरडत जात हुती नि ह्यो हितं माच्यावर बसून श्वास वढत हुता. मला कळलं, आता काय ऱ्हात न्हाय. मी त्येच्या पायाशी बसले. तेरा वर्सांचं साठलेलं. म्हटलं, नागोजी, मनात असंल ते बोल. मला शिव्या दे. तशीच सोडून जाऊ नको.

त्यो म्हटला, "तुला कशाला शिव्या देऊ? चूक मी केली ती तुला ठाऊकच न्हाय."

मग त्येनं सांगितलं. थांबत थांबत, मधी श्वास घेत. बेनकनहळ्ळीच्या अलीकडं चौघांनी खांदा बदलायला बाज खाली ठेवली. नागोजी तिचा हात धरून चालत हुता. अंबूनं डोळं उघडलं नि इचारलं, अवो, गाडी का न्हाय काढली? सकाळी तिनंच ओवाळलं हुतं, पूजा तिला ठाऊक हुती. नवसाचं ठाऊक न्हवतं. ते आम्ही दोघांनीच देवळात बोललेलं, पोटुशीच्या जिवाला घोर नको म्हणून तिला सांगितलंच न्हवतं.

"मी म्हटलं, गाडी बंद पडलीया. सकाळधरनं बघतोय, चालूच हुईना."

मी इचारलं, का रं सांगितलंस असं?

म्हटला, "तुझं नाव घेतलं असतं तर तुझ्यावर राग धरून गेली असती. आणि माझं घेतलं असतं तर माझ्यावर. मला ते दोन्ही नको हुतं, आक्का. मग गाडीचं घेतलं."

मी म्हटलं, मग ती काय म्हटली?

नागोजीनं भिंतीकडं तोंड फिरवलं. मला वाटलं झोप लागली. मग भिंतीकडं बघतच म्हटला, "म्हटली, असू दे. तिला शिव्या घालू नका. यंत्रच ते, एखाद दिस चुकणारच. तुम्ही जीवाला लावून घिऊ नका."

तीन दिसांनी त्यो गेला. वकील साहेब आले, खांदा दिला. लोक अजून म्हणतात नागोजीला गाडीचं येड हुतं, आणि मी भांडते. रातंदिस माझ्या डोक्यात एकच फिरतंय. त्या बाजंवर, तसल्या कळा सोसत, अंबूनं माफ केलं ते एका न बिघडलेल्या गाडीला. माझं नाव तिला कुणी सांगितलंच न्हाय, मग तिनं मला माफ करावं तरी कसं?